हिमोग्लोबिन मोजता, तर शिसंही मोजा

२०२३ साली महाराष्ट्र सरकारनं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. कर्नाटक सरकारनं त्याला विरोध केला, आणि पुढे काही दिवस बेळगाव, खानापूर, निपाणीत चार माणसं जमली की हाच विषय. योजना चांगली आहे. मोठ्या शस्त्रक्रिया, कर्करोग, मूत्रपिंडाचे आजार यांत गरीब घर बुडतं, ते तिच्यामुळे वाचतं. तेव्हा मी तिच्या बाजूनं बोललो, आजही बोलेन. पण त्या सगळ्या वादात आरोग्य म्हणजे दवाखाना, खाट आणि बिल, एवढाच अर्थ धरला गेला. काही नुकसान असं असतं की ते कुठल्याच दवाखान्यात भरून येत नाही. ते मुंबईच्या योजनेत बसत नाही आणि बेंगळुरूच्याही बसत नाही. लहान मुलांच्या अंगात जाणारं शिसं हे तसलं नुकसान आहे.

सीमाभागातला मराठी माणूस सत्तर वर्षं झगडतोय तो मुख्यतः मुलांच्या शिक्षणासाठी. मूल आपल्या भाषेत शिकावं, शाळा टिकावी, परिपत्रक कळेल अशा लिपीत यावं, यासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले. म्हणूनच मुलाच्या शिकण्याच्या ताकदीवर थेट घाव घालणारी एखादी वस्तू आपल्या गल्लीत, अंगणात, देव्हाऱ्यात असेल, तर तो आपल्या लढ्याचाच विषय आहे असं मी मानतो.

शिशाचं शरीरात काहीही काम नाही. लोह लागतं, जस्त लागतं, तांबंही थोडं लागतं. शिसं कणभरही लागत नाही. तरी ते आत शिरतं, कारण शरीर त्याला कॅल्शियम समजून वाट देतं. मोठ्या माणसाच्या पोटात शिसं गेलं तर त्यातलं बरंचसं बाहेर पडतं. तेच लहान मुलाच्या पोटात गेलं तर मोठ्यांच्या चार ते पाच पट प्रमाणात शोषलं जातं. रक्तातून ते हाडांत जाऊन बसतं आणि तिथं दशकानुदशकं राहतं. मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की हाडांतलं तेच शिसं पुन्हा रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. म्हणजे आज एका चिमुरडीच्या तोंडात गेलेली धूळ तिच्या बाळालाही बाधू शकते.

मेंदूत काय होतं ते जरा नीट सांगायला हवं. पहिल्या काही वर्षांत मेंदूच्या पेशींमध्ये प्रचंड वेगानं जोड तयार होतात आणि जे वापरात येत नाहीत ते छाटले जातात. कुठला जोड राखायचा आणि कुठला छाटायचा हे त्यातून जाणाऱ्या संदेशांवर ठरतं. संदेश सोडायचं काम कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालतं, आणि शिसं नेमका तिथंच हात घालतं. नको तेव्हा संदेश सुटतो, हवा तेव्हा अडतो. शिकण्यासाठी आणि लक्षात ठेवण्यासाठी पेशींवर संदेश झेलणारे एनएमडीए नावाचे जे ग्राही लागतात, त्यांचं कामही शिशामुळे मंदावतं. सर्वांत जास्त झळ बसते ती कपाळामागच्या भागाला. एका जागी बसणं, सांगितलेलं पुरं करणं, राग आवरणं, पुढचा विचार करणं हे सगळं तिथून होतं. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात काही मुलांचं रक्त अगदी तान्हेपणापासून तपासलं जात होतं. ती मोठी झाल्यावर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा काढल्या. २००८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात लहानपणी शिसं जास्त होतं, त्यांच्या मेंदूतला करडा भाग कमी भरला, आणि ही घट कपाळामागे सर्वांत ठळक होती.

किती शिसं चालतं? रक्तातलं शिसं डेसिलिटरमागे, म्हणजे १०० मिलिलिटरमागे, मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत ६० पर्यंत काळजी नाही असं मानत. १९९१ साली ही रेषा १० वर आली, २०१२ साली ५ वर, २०२१ साली साडेतीनवर. प्रत्येक वेळी आधीच्या रेषेखालीही नुकसान होतं असं आढळत गेलं. सुरक्षित असा कुठलाही आकडा माहीत नाही, हे आता जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. २००५ साली ब्रूस लॅनफियर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात अभ्यासांतल्या १,३३३ मुलांची माहिती एकत्र करून पाहिली. रक्तातलं शिसं २.४ वरून १० वर गेलं तर बुद्ध्यंक सरासरी ३.९ नं उतरतो. १० वरून २० वर गेलं तर आणखी १.९ नं, आणि २० वरून ३० वर गेलं तर १.१ नं. पहिल्या थोड्याशा शिशानंच सर्वांत जास्त नुकसान होतं. ‘थोडंसं गेलं तर काय होतंय’ या समजुतीला इथं काही जागाच उरत नाही.

चार-पाच गुणांनी काय बिघडतं, असं मला एका हितचिंतकानं विचारलं होतं. एका मुलाकडे बघून खरंच काही कळणार नाही. पण एक लाख मुलं डोळ्यांसमोर आणा. सरासरी बुद्ध्यंक १०० असेल तर साधारण २,३०० मुलं ७० च्या खाली असतात आणि तेवढीच १३० च्या वर. सरासरी ९५ वर आली की ७० च्या खालची मुलं ४,८०० च्या आसपास जातात, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि १३० च्या वर हजारभरही उरत नाहीत. ज्या मुलांना विशेष मदत लागते ती वाढतात, आणि ज्यांच्याकडे गावानं आशेनं बघावं ती निम्म्याहून कमी होतात. हा सगळा हिशोब केवळ पाच गुणांचा आहे.

युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणारी प्युअर अर्थ ही संस्था यांनी २०२० साली काढलेल्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिसं ५ किंवा त्याहून जास्त आहे. एकट्या भारतात अशी साडेसत्तावीस कोटी मुलं असल्याचा तो अंदाज होता. १९९९ साली जॉर्ज फाउंडेशन या संस्थेनं बेंगळुरूसह देशातल्या सात शहरांत केलेल्या पाहणीत निम्म्या मुलांच्या रक्तात १० हून जास्त शिसं सापडलं होतं. बेंगळुरूच्याच डॉ. तुप्पिल वेंकटेश यांनी त्यानंतर उभं आयुष्य या विषयाला वाहिलं. पुढे २००० साली देशभर शिसेमुक्त पेट्रोल आलं आणि हवेतला मोठा वाटा संपला. सरकारनं मनावर घेतलं तर शिसं हटतं, याचा हा पुरावा आपल्यासमोरच आहे.

पेट्रोलमधलं गेलं, मग आता कुठून येतं? लोक बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या धुराड्यांकडे बोट दाखवतात. मला त्याहून भीती वाटते ती बॅटरीची. निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर असा राष्ट्रीय महामार्ग या जिल्ह्याच्या मधून जातो. ट्रक इथं थांबतात, दुरुस्त होतात. ऊसपट्टा असल्यामुळे चिकोडी, रायबाग, अथणीकडे दारोदार ट्रॅक्टर आहेत. वीज जाते म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आहेत. या सगळ्यांच्या पोटात शिशाची बॅटरी असते, आणि मोटारीच्या एका बॅटरीतही साधारण आठ-दहा किलो शिसं भरतं. जुनी बॅटरी विक्रेत्यानं परत घ्यावी आणि नोंदणीकृत कारखान्याकडेच पाठवावी, असा नियम २००१ पासून आहे. २०२२ च्या नव्या नियमांनी बॅटरी बनवणाऱ्यांची जबाबदारी आणखी वाढवली. पण भंगारवाला जागेवर रोख पैसे देतो. मग बॅटरी फुटते, तेजाब गटारीत जातं, प्लेटा कढईत वितळतात, आणि धूर व भुकटी आजूबाजूच्या मातीवर बसते. सेनेगलमध्ये डाकारजवळ थियारॉय सुर मेर या वस्तीत बॅटऱ्यांची अशीच तोडफोड चालायची. २००८ साली तिथं १८ मुलं शिशानं गेल्याचं उघडकीला आलं.

आमच्या भागातल्या एका बॅटरीवाल्या मामांना मी विचारलं होतं, हे पाणी जातं कुठं? ‘जातंय की गटारीत, दुसरीकडं कुठं जाणार?’ असं ते अगदी साधेपणानं म्हणाले. त्यांचा तीनेक वर्षांचा नातू पलीकडेच चुरमुरे खात बसला होता. हात काळे, तेच तोंडात. मामा वाईट माणूस नाहीत. नातवावर त्यांचा जीव आहे. हे विष आहे असं त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही, आणि परवाना द्यायला वा दंड करायला येणाऱ्या माणसानंही ते सांगितलं नाही. अशा कामगाराच्या कपड्यांवरून, केसांतून, चपलेवरून शिसं घरी येतं. मूल बापाच्या कुशीत शिरतं. काम संपल्यावर कपडे दुकानातच बदलायचे आणि आंघोळ करून घरी जायचं, एवढं पाळलं तरी मोठा फरक पडतो. त्यासाठी दुकानाजवळ नळ आणि आडोसा हवा, आणि तो देणं महापालिकेला अवघड नाही.

शिशाचा दुसरा उगम रंगाचा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमहून, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांहून, जास्त नसावं, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे, औद्योगिक रंगांना लागू नाही. लोखंडाला गंज लागू नये म्हणून रेड लेड हा शिशाचा रंग लावायची पद्धत जुनी आहे, आणि पिवळ्या-नारिंगी रंगांत लेड क्रोमेट हे शिशाचंच संयुग असू शकतं. बालवाडीची घसरगुंडी, झोपाळा, फाटक रंगवताना डबा कोणता उघडला हे कोण बघतं? जुन्या घरांच्या दारा-खिडक्यांवर तर २०१७ च्या आधीचे थरावर थर आहेत. गणपतीच्या आधी आपण ते कोरडेच खरवडतो, आणि ती भुकटी घरभर होते. रांगतं मूल असलेल्या घरात हे करूच नये. खरवडायचंच असेल तर पाणी मारून, ओलं करून, मुलांना दुसरीकडे ठेवून. बेळगावात पाटीवर कुठली अक्षरं असावीत यावरून आपण वर्षानुवर्षं भांडलो, आणि ते भांडण खरं आहे. त्याच पाटीच्या रंगात काय आहे हेही विचारायचा आपल्याला तेवढाच हक्क आहे.

गोकाकच्या लाकडी फळांचं नाव दूरवर आहे. ती कला जगायला हवी. पण २०२१ पासून खेळण्यांना जी सक्तीची मानक तपासणी आली, तिच्यातून नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट आहे. कारागिराच्या सोयीची म्हणून मला ती पटते, मुलाच्या बाजूनं पटत नाही. मूल प्लास्टिकचं खेळणं तोंडात घालतं तसंच लाकडी आंबाही घालतं. सरकारनं कारागिरांना शिसेमुक्त रंग सवलतीत द्यावा आणि वर्षातून एकदा नमुने फुकट तपासून द्यावेत. असा माल ‘तपासलेला’ म्हणून जास्त भावानं खपेल.

शेंदराचं बोलताना मी सांभाळून बोलतो, कारण मीही मारुतीला शेंदूर वाहणाऱ्या घरातला आहे. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. देवाला लावलेला शेंदूर मुलाच्या कपाळावर टेकवायचा आणि तेच बोट मग तोंडात जायचं, हे थांबवलं तर भक्तीत काही उणं होत नाही. आमच्या मुसलमान शेजाऱ्यांकडे बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालतात. त्यातही बऱ्याचदा शिशाचं सल्फाइड असतं, म्हणून त्याचंही तेच. आणि नागभस्म म्हणजे तर शिशाचंच भस्म. ते लहान मुलाला कुणाच्याही सांगण्यावरून देऊ नये.

हळदीचा विषय आपल्याला जवळचा, कारण इकडच्या शेतकऱ्याची हळद सांगलीच्या पेठेत जाते. बांगलादेशात हळकुंडाला पिवळाधमक रंग यावा म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट चोळत असत. २०१९ साली तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत ते सापडलं. सरकारनं घाऊक बाजारात जागेवर तपासणारी यंत्रं नेली, भेसळ करणाऱ्यांना दंड केला, वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून लोकांना सांगितलं, आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आलं. आपल्या शेजारच्या देशानं दोन वर्षांत हे करून दाखवलं. दक्षिण आशियातल्या शहरांतून गोळा केलेल्या हळदीच्या २०२४ च्या अभ्यासात पाटणा, कराची, पेशावर इथले नमुने सर्वांत वाईट निघाले. आपल्या हळदीवर मी आरोप करत नाही. पेठेत असं एक यंत्र बसलं तर त्या हळदीला दाखला मिळेल, आणि त्याचा लाभ शेतकऱ्यालाच होईल.

आता मुद्द्याचं. अंगात शिरलेलं शिसं औषधानं काढता येतं का? काही अंशी येतं. रक्तातलं प्रमाण ४५ च्या वर गेलं तर जागतिक आरोग्य संघटना मुलांना तसं औषध द्यायला सांगते, आणि त्यानं जीव वाचतो. पण मेंदूचं गेलेलं परत येत नाही. अमेरिकेत ७८० मुलांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. औषधानं रक्तातलं शिसं उतरलं, मुलांच्या बुद्धीच्या चाचण्यांत मात्र काहीच सुधारणा दिसली नाही. म्हणून शिशावर उपाय एकच: ते तोंडाशी यायच्या आधी शोधायचं आणि उगम बंद करायचा. हे काम शल्यविशारदाचं नाही. त्याला अंगणवाडी सेविका, आरोग्य निरीक्षक आणि प्रदूषण मंडळाचा अभियंता लागतो.

अंगणवाडीत आज काय होतं ते बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, मुलाचं वजन-उंची, डोळे, दात, वाढ बघतं. रक्ताचा थेंब घेऊन हिमोग्लोबिन पाहिलं जातं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ६५.५ टक्के मुलं कर्नाटकात आणि ६८.९ टक्के महाराष्ट्रात रक्तक्षयी निघाली. सीमेच्या दोन्ही बाजूंना तीच कथा. रक्तक्षयाचा आणि शिशाचा संबंध दुहेरी आहे. अंगात लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढतं, आणि शिसं वाढलं की रक्त तयार होण्यात अडथळा येतो. त्यात रक्तक्षयी मूल माती खातं. म्हणजे ज्या मुलाला आपण लोहाच्या गोळ्या देतोय आणि तरी ज्याचं रक्त वाढत नाही, त्याचं शिसं तपासायलाच हवं. तशाच थेंबातून शिसं काही मिनिटांत दाखवणारी, सहज नेता येणारी छोटी यंत्रं जगात वापरात आहेत. फक्त बोट साबणानं नीट धुऊन घ्यायचं, नाहीतर कातडीवरची धूळच मोजली जाते, आणि आकडा जास्त आला तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करायची. सगळ्या जिल्ह्यातलं प्रत्येक मूल एकदम तपासा असं मी म्हणत नाही. बॅटरी, भंगार, रंगकाम, ओतकाम यांच्या आसपासच्या वस्त्यांतून आणि प्रत्येक तालुक्यातल्या काही अंगणवाड्यांतून सुरुवात करा, आणि आकडे तालुकावार जाहीर करा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. अशा पाहणीची आखणी करायला लागणारी माणसं इथंच आहेत.

गरिबी, एकशिक्षकी वर्ग, घरात पुस्तक नाही, ही कारणं सोडून शिशाच्या मागे कशाला लागता, असं म्हणणारे भेटतात. ती कारणं मला मान्य आहेत, आणि मराठी शाळांतल्या रिकाम्या जागांबद्दल मी लिहीतच आलोय. पण न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात श्रीमंत-गरीब सगळ्याच मुलांच्या रक्तात गाड्यांच्या धुरातून शिसं गेलं होतं, त्यामुळे गरिबीचा गोंधळ तिथं कमी होता. लहानपणी शिसं ५ नं जास्त असलेल्यांचा बुद्ध्यंक ३८ व्या वर्षी सरासरी दीडेक गुणानं कमी निघाला, आणि कामधंद्यातही ते आपल्या आईवडिलांपेक्षा खाली घसरलेले आढळले. म्हणून एखाद्या मुलाला ‘ढ’ म्हणायच्या आधी, किंवा शिकवण्याच्या माध्यमावर खापर फोडायच्या आधी, त्याचं रक्त एकदा बघायला हवं असं मला तळमळून वाटतं.

जे आज चालू आहे त्यातलंही काही उपयोगाचं आहे. कर्नाटकातल्या क्षीरभाग्य योजनेत शाळेत दूध मिळतं, अंडी-केळीही मिळतात. पोटात कॅल्शियम आणि लोह असलं की शिसं कमी शोषलं जातं. मराठी शाळांनी हा पुरवठा एक दिवसही चुकू देऊ नये आणि चुकला तर तक्रार करावी.

राहिला प्रश्न दोन राज्यांचा. कोगनोळी नाका ओलांडला की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकार संपतो आणि कर्नाटकाचा सुरू होतो. भंगाराच्या गाडीला नाक्याची अडचण नाही. एका बाजूला धाड पडली तर कढई दुसऱ्या बाजूला मांडता येते. म्हणून बेळगाव आणि कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जुन्या बॅटऱ्यांच्या वाहतुकीची संयुक्त नोंद ठेवली पाहिजे. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याला यानं कुठलाही धक्का लागत नाही. निकाल कधीही आणि कसाही लागो, आज तीन वर्षांचं असलेलं मूल तोवर थांबणार नाही, त्याच्या मेंदूची वाढ आत्ताच चालू आहे.

दरवर्षी बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. आपण त्याविरोधात मेळावा घेतो, परवानगी नाकारली जाते, धरपकड होते. ते चालू राहीलच. त्याबरोबर या जिल्ह्याच्या अठराही आमदारांकडे, मराठी असोत वा कन्नड, एक पानाचं निवेदन जायला हवं: अंगणवाडीतल्या तपासणीत शिशाचा समावेश करा, बॅटरी फोडणाऱ्या प्रत्येक जागेची माती तपासा, आणि तिथल्या कामगारांना दंडाच्या आधी नोंदणी, नळ आणि माहिती द्या. गल्लीगल्लीतली युवक मंडळं आणि गणेशोत्सव मंडळं सह्या गोळा करू शकतात. कन्नड शेजारीही यावर सही देतील, कारण त्यांची मुलंही त्याच गल्लीत खेळतात.